रिकाम्या खुर्च्यांना कशाला गार करायचं? लायब्ररी आणि सभागृहांचं वीज वाचवणारं डिझाइन, नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

घरं-ऑफिसं करून आलेला माणूस पहिल्यांदा लायब्ररी किंवा सभागृहाचं काम हातात घेतो ना, तेव्हा हमखास एकच चूक करतो. क्षेत्रफळ काढतो, त्याला सवयीच्या ठोकताळ्याने गुणतो आणि एवढ्या टनाचा एसी लागेल म्हणून सांगून मोकळा होतो. मीही केलीय ही चूक, म्हणून सांगतोय.

या इमारतींचं वीजबिल क्षेत्रफळावर कमी आणि माणसं कधी येतात, कुठे बसतात, किती वेळ बसतात यावर जास्त ठरतं. लायब्ररीत लोक दिवसभर थोडे थोडे असतात, फारसे हलत नाहीत, बोलत नाहीत, आणि सोबतीला पुस्तकं असतात जी रात्रीही घरी जात नाहीत. सभागृहाचं बरोबर उलटं, आठवड्यातले बरेच तास रिकामं आणि मग पंधरा मिनिटांत पाचशे माणसं आत. एका छपराखाली दोन्ही असेल (सार्वजनिक इमारतीत बऱ्याचदा असतंच) आणि दोघांना एकच मशीन लावलं, तर ते मशीन आयुष्यभर रिकाम्या खुर्च्यांना गार करत बसतं. खाली क्रमाने लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि क्रम मोडू नका, कारण आधीची पायरी फसली की तिची भरपाई पुढे मोठं मशीन घेऊन करावी लागते.

पायरी १: आधी माणसं मोजा

एक शीट उघडा. वर आडवे दिवसाचे तास, डावीकडे खोल्यांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात त्या तासाला त्या खोलीत किती माणसं. असे तीन तक्ते करा: नेहमीचा दिवस, सुट्टीचा दिवस आणि हाउसफुल्लचा दिवस. मालक किंवा समिती सांगेल की हॉल रोज चालू असतो, त्यावर विश्वास ठेवू नका, जुनी बुकिंगची वही मागा. जुनी इमारत असेल तर वाचनालयाचं हजेरी रजिस्टरही बघा, कुठल्या वेळी खरी गर्दी असते ते त्यातून दिसतं.

आता आकडा लावा. शांत बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यातली बरीचशी हवेला थेट ऊब देते आणि उरलेली घाम-श्वासातल्या वाफेतून येते. म्हणजे ५०० जणांचा हॉल भरला की नुसत्या माणसांचेच ५० किलोवॅट झाले. एक टन कूलिंग म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, तेव्हा १४ टन फक्त माणसांसाठी, त्यात छत नाही, काच नाही, स्टेजचे दिवे नाहीत, बाहेरून घेतलेली हवाही नाही. त्याच हॉलमध्ये तालमीला २० जण आले तर २ किलोवॅट. पंचवीसपट फरक! हा फरक ज्याने कागदावर बघितला तो मग एकाच मोठ्या मशीनचा हट्ट धरत नाही.

पायरी २: कोण कुठे बसणार ते ठरवा

इथे वीज सगळ्यात स्वस्तात वाचते, कारण नकाशावर खोली इकडची तिकडे करायला काहीच खर्च नसतो. लायब्ररीचा नियम सोपा आहे, वाचणारा उजेडाकडे आणि पुस्तक सावलीत. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटर अकादमीची लायब्ररी बघा, आर्किटेक्ट लुई कान यांची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. वाचायची टेबलं बाहेरच्या विटांच्या भिंतीला लागून, प्रत्येक टेबलाला आपली छोटी खिडकी आणि तिला सरकवायचं लाकडी झडप, आणि पुस्तकांचे रॅक आतल्या बाजूला. वाचणाऱ्याला जेवढा उजेड हवा तेवढं झडप तो स्वतः उघडतो, सेन्सर नाही की मोटर नाही.

याच्या उलट पॅरिसमधलं फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय, १९९६ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. उघड्या पुस्तकासारखे चार काचेचे टॉवर, आणि त्या काचेच्या टॉवरमध्ये पुस्तकं! उन्हापासून पुस्तकं वाचवायला मग काचेच्या आत लाकडी झडपांची रांगच्या रांग लावावी लागली. इमारत दिसते भव्य, त्याबद्दल वाद नाही, पण आधी काच लावायची आणि मग ती आतून झाकायची यात आपलं नुकसान दोनदा होतं.

सभागृहाला बहुतेक वेळा खिडक्या नकोच असतात, अंधार हवा असतो, त्यामुळे ते इमारतीच्या पोटात किंवा पश्चिमेला टाकलं तरी चालतं आणि उजेडाची बाजू वाचनकक्षाला आणि फोयरला (हॉलबाहेरच्या प्रवेशदालनाला) मिळते. जिने, टॉयलेट, स्टोअर हे सगळं पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावा म्हणजे तापायचं ते तेच तापतील.

अजून एक, आणि हे जवळजवळ सगळेच विसरतात. रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या खोल्या एकत्र ठेवा, स्वतंत्र दारासकट. एक अभ्यासिका रात्री अकरापर्यंत चालू आणि तिच्यासाठी तीन मजल्यांचे दिवे, लिफ्टची लॉबी आणि अख्खा एएचयू (हवा गार करून डक्टमधून खोल्यांत ढकलणारं मोठं युनिट, डक्ट म्हणजे हवेच्या नळ्या) चालू, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नकाशा हातात आला की आधी तेच शोधतो. मुख्य दाराला दोन दारांची लॉबी द्या, आणि दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहणार नाहीत एवढं अंतर मध्ये ठेवा.

पायरी ३: ऊन बाहेरच अडवा

साध्या काचेचा एक चौरस मीटर थेट उन्हात असला तर चार-पाच माणसं बसवल्याएवढी उष्णता आत येऊ शकते. म्हणजे पश्चिमेला वीस चौरस मीटरची देखणी काचेची भिंत लावली की रोज संध्याकाळी शंभर फुकटे प्रेक्षक हॉलमध्ये बसलेच समजा.

पडद्याने हे भागत नाही. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता आतच राहते. सावली काचेच्या बाहेर हवी. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, त्याला आडवा छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, त्याला छज्जा काही करत नाही, तिथे उभे फिन (भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या) किंवा जाळी लावा, नाहीतर खिडक्याच कमी करा (माझं मत विचाराल तर हेच). उत्तरेचा उजेड सगळ्यात शांत आणि सारखा, वाचायला सोन्यासारखा. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटं वाचायचं, पूर्व-पश्चिम तेच. सिंगापूरच्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रंथालयाला बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचे लांबरुंद सनशेड आहेत ते नुसते शोभेचे नाहीत, विषुववृत्ताजवळ त्याशिवाय काचेला इलाजच नाही.

भिंतीच्या ३० ते ४० टक्क्यांवर काच गेली की उजेडाचा फायदा फारसा वाढत नाही, उष्णता मात्र वाढतच जाते. काच घेताना दोन आकडे मागा, उन्हाची किती उष्णता आत सोडते तो सोलर हीट गेन कोएफिशियंट आणि तापमानाच्या फरकामुळे किती उष्णता आरपार जाते ती यू-व्हॅल्यू. गरम प्रदेशात पहिला आकडा आधी बघायचा, थंड प्रदेशात दुसरा. विक्रेता नुसतं डबल ग्लास आहे सर म्हणाला तर त्याला परत पाठवा, कारण साधी डबल काच ऊन जवळजवळ तसंच आत सोडते, उन्हाला अडवतं ते कोटिंग.

छताकडे दुर्लक्ष नको. या इमारती बहुधा बसक्या आणि पसरट, त्यामुळे सगळ्यात जास्त ऊन छत खातं. वर इन्सुलेशन आणि त्यावर पांढरा परावर्तक थर, विषय संपला. पांढरं छत नवं असताना ७०-८० टक्के ऊन परत फेकतं, काळं डांबरी छत १० टक्केसुद्धा नाही. धूळ बसून पांढऱ्याचा गुण कमी होतो, तेव्हा धुवायची सोय आणि पाण्याचा नळ वर असू द्या.

भिंत जड हवी की हलकी यावर लोक भांडतात, पण उत्तर पुन्हा पहिल्या पायरीच्या तक्त्यातच असतं. लायब्ररी दिवसभर चालते तेव्हा उघडा काँक्रीटचा स्लॅब आणि हजारो किलो पुस्तकं दिवसाची उष्णता शोषून घेतात आणि तापमान हलू देत नाहीत, चांगलंच आहे. सभागृह आठवड्यातून दोनदा तीन तास चालणार असेल तर मात्र जड भिंत गार करण्यातच निम्मा वेळ आणि वीज जाते, तिथे इन्सुलेशन आतल्या बाजूने आणि त्यावर हलकं पॅनेलिंग, जे आवाजासाठी तसंही लावायचंच असतं.

पायरी ४: उजेड

आधी लक्स समजून घ्या, म्हणजे पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सपर्यंत असतो, ढगाळ दिवशी दहा हजारांच्या आसपास, आणि वाचायला लागतो ३०० ते ५००. म्हणजे बाहेर उजेडाचा दुष्काळ कधीच नसतो, तो योग्य जागी आणि डोळ्यात न खुपता आणायचा एवढंच काम.

खिडकीतून येणारा उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दोन पट आत पोचतो. खिडकी तीन मीटर उंचीपर्यंत असेल तर साडेचार ते सहा मीटर, त्यापुढे दिवा. म्हणून खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करा, आणि फॉल्स सीलिंग खिडकीच्या डोक्यावर आणून आपटू नका, हे दर दुसऱ्या इमारतीत होतं कारण डक्टवाल्याला कोणी आधी विचारलेलंच नसतं.

मोठ्या खोलीत मध्यभागी उजेड वरूनच आणावा लागतो. जमिनीच्या ३ ते ५ टक्के एवढ्या स्कायलाइटने बरंच भागतं, अख्खं काचेचं छत लागत नाही. आर्किटेक्ट आल्व्हार आल्टो यांची व्हीपुरी इथली लायब्ररी (१९३५, आता ते गाव रशियात व्हिबोर्ग म्हणून आहे) यासाठी सगळे दाखवतात, छताला ५७ गोल खोल झरोके, उजेड त्यांच्या बाजूंवर आपटून मऊ होऊन खाली येतो आणि पानावर सावली पडत नाही. पण एक गोम आहे. ते गाव ६० अंश उत्तरेच्या वर, तिथे सूर्य उन्हाळ्यातसुद्धा ५३ अंशांपेक्षा वर चढत नाही, म्हणून तेवढ्या खोल झरोक्यातून थेट ऊन खाली येत नाही. तोच झरोका उचलून विषुववृत्ताजवळ लावलात तर दुपारी बाराला कवडसा बरोबर वाचणाऱ्याच्या पुस्तकावर. नकाशा कॉपी करण्याआधी अक्षांश बघा!

दिव्यांकडे येऊ. अख्ख्या वाचनकक्षात सगळीकडे ५०० लक्स द्यायची गरजच नाही. खोलीत साधारण २०० आणि टेबलावर स्वतःचा पाच-सात वॅटचा दिवा. हिशोब करून दाखवतो. चांगला एलईडी वॅटमागे १०० ल्युमेनच्या (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) पुढे देतो, भिंती-छतात काही उजेड वाया जातो तो धरून ५०० लक्सला साधारण ८ वॅट दर चौरस मीटरला लागतात, २०० लक्सला साडेतीनच्या आत. हजार चौरस मीटरच्या कक्षात ८ किलोवॅट विरुद्ध साडेतीन, वर १०० टेबलदिवे भरून पेटले तरी पाऊण किलोवॅटच्या आत. आणि माणूस उठून गेला की आपला दिवा तो बंद करतो, निदान बरेच जण करतात.

वायरिंगचं एक जे नकाशावरच पक्कं करायचं: दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर सर्किटवर घ्या. खिडकीजवळची ओळ वेगळी, मधली वेगळी, आतली वेगळी. खिडकीला काटकोनात घेतल्या तर खिडकीजवळ भरपूर उजेड असूनही तो दिवा बंद करता येत नाही, कारण त्याच स्विचवर आतला अंधारा कोपरा असतो. नंतर हे बदलायला सीलिंग फोडावं लागतं.

सेन्सर लावताना जपून. रॅकच्या गल्ल्यांमध्ये हालचालीवर चालणारा सेन्सर बेस्ट, तिथे माणूस दोन मिनिटं येतो, पुस्तक घेतो, जातो, आणि बाकी दिवसभर ती गल्ली अंधारी राहिली तरी कोणाचं बिघडत नाही (अगदी काळोख नको, लोक घाबरतात, १०-२० टक्क्यांवर मंद ठेवा). पण तोच सेन्सर वाचायच्या टेबलावर लावला की फजिती. वाचणारा माणूस हलतच नाही हो! आम्ही एका ठिकाणी लावले, आठवड्याभरात लोक दर दहा मिनिटांनी हात वर करून हलवायला लागले, लांबून बघणाऱ्याला वाटावं इथे लिलाव चाललाय. टेबलाजवळ उजेड मोजणारा सेन्सर आणि डिमर लावा, हालचालीचा नको.

पायरी ५: हवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, थोडा वेळ देऊन वाचा. ताजी हवा आत घ्यायची म्हणजे बाहेरची गरम, दमट किंवा गोठवणारी हवा घेऊन तिला राहण्याजोगी करायची, आणि गर्दीच्या इमारतीत वीज इथेच सगळ्यात जास्त जाते. कमी घेतली तर दुपारी तीनला वाचनकक्ष पेंगतो आणि हॉल कोंदटतो. जास्त घेतली तर पैसे हवेत.

ॲशरे (एसी-वायुवीजनवाल्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था) हिच्या ६२.१ या मानकात प्रेक्षागृहासाठी माणशी २.५ लिटर दर सेकंदाला आणि वर दर चौरस मीटरला ०.३ लिटर असा हिशोब आहे (लायब्ररीला माणशी तेवढेच, पण चौरस मीटरला ०.६, कारण कागद-फर्निचरचा वासही काढायचा असतो). ५०० चौरस मीटर आणि ५०० माणसं धरली तर १२५० अधिक १५०, म्हणजे १४०० लिटर. तालमीला २० जण, तर ५० अधिक १५०, म्हणजे २००. सातवा हिस्सा. आता हॉल भरलाय की रिकामा हे मशीनला कसं कळणार? कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरने. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतं, माणसं वाढली की आत वाढतं, १००० च्या आसपास गेलं की डॅम्पर (बाहेरच्या हवेच्या वाटेवरची झडप) उघडा, खाली आलं की मिटवा. सेन्सर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीच्या आसपास लावा. दाराजवळ नको, हवा येते त्या डिफ्युझरखाली (सीलिंगमधल्या जाळीखाली) तर नकोच, तिथे त्याला कायम सगळं छानच दिसतं.

हवा कमी लागली की पंखा हळू चालवायचा, आणि इथे निसर्ग आपल्या बाजूने आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, वेग ८० टक्के केला की वीज जवळपास निम्मी, वेग निम्मा केला की कागदावर आठवा हिस्सा. म्हणून प्रत्येक एएचयूला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, हवाच. डॅम्पर अर्धा मिटवून पंखा पूर्ण वेगाने चालवणं म्हणजे ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देणं.

डक्ट मोठे घ्या. डक्टमधला दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, अरुंद डक्ट म्हणजे जास्त वेग, जास्त वीज आणि जास्त आवाज. लायब्ररी आणि सभागृह दोन्हीकडे शांतता हवीच असते, तेव्हा इथे आवाजवाला सल्लागार आणि वीज वाचवणारा एकाच बाजूला असतात, असं फार क्वचित होतं, त्याचा फायदा घ्या आणि दोघांनी मिळून आर्किटेक्टकडून सीलिंगमधली जागा भांडून घ्या.

हॉलमध्ये हवा वरून फेकायची की खुर्चीखालून? उंच हॉलमध्ये वरून थंड हवा टाकली तर आधी आठ-दहा मीटर रिकाम्या उंचीतली गरम हवा ढवळायची आणि मग माणसापर्यंत पोचायची. खुर्चीखालून १८ ते २० अंशांची हवा हळूच सोडली तर ती माणसाच्या आजूबाजूने तापून आपोआप वर जाते, खालचे दोन मीटर गार राहतात, वरचं वर तापू दे. वरून टाकायला १२-१४ अंशांची हवा लागते, इथे १८ चालते, म्हणून बाहेरची हवा थंड असते तेव्हा मशीनशिवायच जास्त तास भागतं. पण दमट हवेच्या प्रदेशात सावध, तिथे बाष्प काढायला हवा आधी १२-१३ अंशांपर्यंत गार करावीच लागते, मग ती परत तापवायला हीटर लावलात तर सगळी बचत गेली. हॉलमधून परत आलेली हवा तिच्यात मिसळून तापमान वर आणा किंवा उष्णता परत वापरणारी कॉइल लावा. आणि पाऊल गार पडलं की प्रेक्षक तक्रार करतात, तेव्हा वेग कमी आणि भोकं जास्त.

बाहेर जाणाऱ्या हवेची थंडी किंवा ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं एनर्जी रिकव्हरी व्हील चांगलं असेल तर ७० टक्क्यांच्या पुढे परत मिळवून देतं. खूप गरम किंवा खूप थंड ठिकाणी घ्याच. वर्षभर सौम्य हवा असेल तर हिशोब करून बघा, कारण ते व्हील हवेला अडवतं आणि पंख्याचं काम बारा महिने वाढवतं.

मशीनशिवाय हवा खेळवता येते का? येते. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठाची लँचेस्टर लायब्ररी (२०००) चांगली खोल-पसरट इमारत आहे, शेजारी रहदारीचा रस्ता म्हणून बाहेरच्या खिडक्या उघडायची सोय नाही, तरी हवा खालून लाइटवेलमधून (उजेडासाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) चढते आणि मधल्या ॲट्रियममधून (छतापर्यंत उघड्या चौकातून) आणि कडेच्या उंच चिमण्यांमधून वर निघून जाते. लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठातल्या १९९३ च्या क्वीन्स बिल्डिंगमध्ये तर सभागृहंसुद्धा चिमण्यांवर चालतात. पण याचा जोर किती असतो ते माहिती पाहिजे. दर मीटर उंचीला आणि दर एक अंश फरकाला साधारण ०.०४ पास्कल (दाबाचं माप). दहा मीटर चिमणी आणि आतबाहेर पाच अंश फरक, तर फक्त २ पास्कल. साधा एअर फिल्टरच ५० पास्कलच्या पुढे खातो. म्हणून फिल्टर लावून नैसर्गिक वायुवीजन असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आणि बाहेर आतल्याइतकंच किंवा जास्त गरम असलं की चिमणी ओढतच नाही.

पंखे विसरू नका. अंगावर ०.८ मीटर दर सेकंदाचा वारा आला की दोन-अडीच अंश गार वाटतं, म्हणजे एसी तेवढा वर ठेवता येतो. पण याच वेगाच्या आसपास टेबलावरचे सुटे कागद उडायला लागतात, तेव्हा वाचनकक्षात मोठ्या पात्यांचे हळू पंखे, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावर पंखा नकोच, पानं धरून वाचणारे ज्येष्ठ तुम्हाला शिव्या देतील.

पायरी ६: आता कुठे मशीन

हॉलला आणि लायब्ररीला वेगळी यंत्रणा, हे एव्हाना कळलंच असेल. एका मोठ्या मशीनऐवजी दोन-तीन, तीही असमान घ्या, तालमीसाठी छोटं एकटं चालेल, हाउसफुल्लला सगळी. कारण वर्षातले बहुतेक तास इमारत पूर्ण लोडवर नसते, म्हणून मशीन निवडताना कॅटलॉगमधली पार्ट लोडची (अर्धवट भारावर चालतानाची) एफिशियन्सी बघा, पूर्ण लोडचा आकडा नुसता मिरवायला असतो.

उगाच मोठं मशीन घेऊन ठेवलं तर अजून एक दुखणं. साधं ऑन-ऑफ मशीन दोन मिनिटांत खोली गार करून बंद पडतं, बाष्प काढायला वेळच मिळत नाही, खोली थंड आणि ओलसर. माणसाला चिकट वाटतं, पुस्तकाला बुरशी लागते.

कार्यक्रमाआधी हॉल गार करताना बाहेरच्या हवेचा डॅम्पर बंद ठेवा, आतलीच हवा फिरवा. लोक आत यायला लागले की उघडा. इतकी साधी सेटिंग, आणि बहुतेक ठिकाणी कोणी केलेलीच नसते.

पायरी ७: पुस्तकं काय म्हणतात

रोज हाताळली जाणारी पुस्तकं माणसाला चालतं त्या तापमानात राहू शकतात. त्यांना त्रास होतो तो चढउताराचा आणि ओलीचा. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी आलीच समजा. म्हणून लायब्ररीत रात्री सगळं बंद करून जाणं दमट हवेत महागात पडतं. रात्री तापमान वर जाऊ द्या, आर्द्रता मात्र सांभाळा, त्यासाठी छोटा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) पुरतो, अख्खा चिलर (इमारतीसाठी पाणी गार करणारं मोठं मशीन) लागत नाही. रात्रीची थंड हवा आत खेळवून इमारत गार करायची युक्ती (दिवस-रात्रीत आठ-दहा अंशांचा फरक असेल तिथे ती झकास चालते) वापरताना बाहेरची हवा कोरडी आहे ना ते आधी बघा.

दुर्मीळ पोथ्या-दस्तऐवज असतील तर त्यांना स्वतंत्र छोटी खोली द्या, इमारतीच्या आतल्या भागात, बाहेरची भिंत नको, खिडकी नको, दार घट्ट, हवा कमीत कमी बदलणारी. तिथलं कडक तापमान फक्त त्या खोलीपुरतं. काही कपाटं दुर्मीळ आहेत म्हणून अख्खी लायब्ररी संग्रहालयाच्या नियमाने चालवणं हा सगळ्यात मोठा अपव्यय, आणि तो कागदोपत्री अगदी जबाबदार दिसतो ही त्यातली गंमत.

पायरी ८: सोलर, मीटर आणि बटणं

सोलर पॅनेल शेवटी, आधी नाही. लोड कमी झाला की छोटी सिस्टिम पुरते. लायब्ररी दिवसा चालते म्हणून तिला सोलर छान जुळतं, सभागृह रात्री भरतं म्हणून तितकं नाही.

मीटर मात्र पहिल्या दिवसापासून वेगवेगळे: दिवे, एसी, कॉम्प्युटर-प्लगचा लोड आणि हॉल पूर्ण वेगळा. मग रात्री तीन वाजताचा आकडा बघा. इमारत रिकामी असताना काय चालू असतं ते तिथेच सापडतं, न मिटलेला डॅम्पर, चालूच राहिलेले कॉम्प्युटर, कुठलातरी एक्झॉस्ट फॅन ज्याचा स्विच कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. ताबा घेताना एकदा उन्हाळ्यात, एकदा थंडीत आणि एकदा खरोखर भरलेल्या हॉलमध्ये सगळं तपासून घ्या, रिकाम्या हॉलमध्ये केलेल्या टेस्टिंगला काही अर्थ नाही.

शेवटचं काम हॉल सांभाळणाऱ्या माणसासाठी. त्याच्या हातात चाळीस स्क्रीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर दिलंत तर तो पहिल्या आठवड्यात सगळं मॅन्युअलवर टाकेल आणि ते कायम तसंच राहील, त्याची चूक नाही, समोर पाहुणे घामाघूम झालेले असतात. त्याला भिंतीवर तीन बटणं द्या: तालीम, कार्यक्रम, बंद. कार्यक्रमाचं बटण चार तासांनी आपोआप सुटेल असं ठेवा, हवं असेल तर तो परत दाबेल. आणि त्या बटणांवरची अक्षरं मोठी आणि उठावाची करा, विंगेत अंधार असतो.